मनगटाचा नवस

पॅरिस, २१ मे १९९४

बाबा,

जिंकले! पात्रता फेरीचे तिन्ही सामने जिंकले. सोमवारी मुख्य फेरीच्या मोठ्या तक्त्यावर ‘रत्चनी चायवोंग, थायलंड’ असं लागेल. आईला सांगून ठेवा, रत्चनी म्हणजे आपली पेतच. नाहीतर पेपरात वाचून विचारत बसेल, ही कोण बाई.

मनगट दुखलं नाही, एकदाही नाही. नोव्हेंबरात बँकॉकच्या डॉक्टरने कापून शिवलं तेव्हा म्हणाला होता, दोन हातांची बॅकहँड विसर आता. त्याला एक पत्र टाकावं म्हणते.

टेप माझ्या खोलीतली लानी बांधून देते. ती इंडोनेशियाची. फार मायेने बांधते आणि दुसऱ्या गेमलाच ती सुटते. तुम्ही बांधलेली कात्रीशिवाय निघायची नाही. तीन वेढे मनगटाला, एक अंगठ्यामागून, मग हातावर एक चापट आणि ‘जा’. बारा वर्षं आयती बांधून घेतली, म्हणून आता लोकांपुढे हात पसरते आहे.

खरी बातमी पुढेच आहे. ऑगस्टमध्ये अमेरिकेला आपली टेनिस संघटना दुसरं तिकीट देते आहे, प्रशिक्षकाचं. मी तुमचं नाव लिहून दिलं. क्लबाची कोर्टं झाडणारा इन्था न्यूयॉर्कला प्रशिक्षक म्हणून उतरणार! हे क्लबाच्या कर्नलसाहेबांना सांगाल तेव्हा त्यांचं तोंड नीट बघा आणि मला कळवा.

क्लबातल्या फणसाखालच्या ठाण्यावर राखणदार आजोबांना माझ्या नावाने लाल सरबताची बाटली ठेवा. मोठी ठेवा.

तुमची,
पेत


लाम्पांग, ३ जून २५३७

पेत,

पत्रावर आपलं बुद्धाचं साल सोडून १९९४ घातलंस. तिकडे गेलीस आणि एकदम पाचशे त्रेचाळीस वर्षांनी मागे गेलीस. चांगलं आहे, तेवढी वर्षं जास्त खेळशील.

पहिल्याच फेरीत हरलीस ते कळलं. सहा-दोन, सहा-चार. जिच्याशी हरलीस तिचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणजे बाई मोठीच असणार. हरायला हरकत नाही. पण पेपरात फोटो बघितला. नाव पेत, म्हणजे बदक, ठेवलं म्हणून बदकासारखेच पाय टाकायचे का? डावा पाय बाहेर पडतोय. आठ वर्षांची होतीस तेव्हापासून सांगतोय.

तुझ्या आईने बाजारात सगळी गिऱ्हाइकं सोडून लोकांना फुकट चिकट भात वाटला. कर्नलसाहेबांनी मला खुर्चीत बसवलं. त्या क्लबात सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा खुर्चीत बसलो, पाठ कशी टेकवायची तेच कळेना.

अमेरिकेला मला जमायचं नाही. दोन नंबरचं कोर्ट उखडून नवं करायचंय, साहेब सोडत नाहीत. तिकीट दुसऱ्या कुणाला दे. यावर परत लिहू नकोस.

आजोबांना बाटली ठेवली. त्यांचं काय द्यायचं-घ्यायचं ते मी बघतो. तू खेळाकडे बघ.

बाबा


लंडन, १७ जून १९९४

बाबा,

पावसाळ्यात कोर्ट कोण उखडतं? त्याच क्लबात मी पोती घेऊन तुमच्याबरोबर पाणी टिपलंय. थाप मारायची तर दुसऱ्या कुणाला तरी मारा.

खरं काय ते मला कळलं. हेंक नावाच्या डच प्रशिक्षकाने पॅरिसला माझी बॅकहँड बघून दोन गोष्टी सांगितल्या, हे कुणीतरी तुमच्या कानावर घातलं, आणि तुम्ही फुगून बसलात. मी हरल्यावर मला जेवायला चला म्हणणारा तो एकटाच होता, एवढाच त्याचा गुन्हा. बारा वर्षं तुम्हीच शिकवलंत हे मी कधी नाकारलं? पण रुसवा धरायचा तर तोंडावर धरायचा. कोर्टाचं निमित्त कशाला?

ठीक आहे. तिकीट हेंकला देते. तो म्हणतो, पकड बदलली तर फटक्यात जोर येईल. बदलते.

पेत


लाम्पांग, २४ जुलै २५३७

पेत,

मला लिहायची सवय नाही, ठाऊकच आहे तुला. बाजारातल्या पाटीवर भाव लिहिते तेवढंच. पण तुझं पत्र वाचून तुझे बाबा दोन दिवस जेवले नाहीत, म्हणून बसले लिहायला.

ते रुसलेले नाहीत. परवा ते भिक्खू झाले. वर्षावास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, क्लबामागच्या विहारात. पहिली बट मीच कापली आणि कमळाच्या पानात धरली. मग डोकं भादरलं, भुवयासुद्धा. चेहरा उकडलेल्या अंड्यासारखा दिसायला लागला. मला हसू आलं आणि मग हसू थांबेना, शेवटी शेजारणीने मला बाहेर नेलं.

नोव्हेंबरात तुला आत कापायला घेतलं होतं, तेव्हा या माणसाने रात्रीची गाडी पकडून लाम्पांग गाठलं आणि फणसाखालच्या आजोबांना नवस बोलला. पोरीचं मनगट बरं होऊन ती मोठ्या स्पर्धेत खेळली, तर एक वर्षावास चीवर घालीन. मला नाही सांगितलं, तुला नाही सांगितलं. नवस बोलायचा तर शंभर उकडलेली अंडी बोलावी, नाचणाऱ्या बायका बोलाव्या. लोक काय-काय बोलतात! हा माणूस स्वतःलाच बोलून बसला.

आता तीन महिने विहार सोडून कुठे जायचं नाही. बाईच्या हाताला हात लावायचा नाही, माझ्याही नाही आणि तुझ्याही नाही. मी रोज सकाळी रस्त्यावर चपला काढून गुडघ्यावर बसते आणि त्यांच्या पात्रात भात घालते. ते वर बघत नाहीत. सत्तावीस वर्षं भातात मीठ कमी म्हणून ओरडणारा माणूस, आता काहीच बोलत नाही.

पत्र लिहिलंस तर वर ‘भंते’ लिही. बाबा लिहू नकोस, त्यांना अवघड जातं.

आई


सॅन डिएगो, ७ ऑगस्ट १९९४

वंदनीय भंते,

असं लिहायचं असतं ना? लिहिलं. आता बाबा, ऐका.

मला माफ करा. मी मूर्ख आहे. पण तुम्हीही आहात, आणि जास्त आहात. मी खेळावं म्हणून नवस बोललात, आणि मी खेळले तर तुम्ही गेलात. हा कुठला सौदा? तुम्हाला नकोच होतं का मी जिंकायला?

मनगट परत दुखतं आहे. नव्या पकडीने आतल्या बाजूला कळ येते. हेंक म्हणतो सवयीने जाईल. तो टेप बांधतो, घट्ट बांधतो, पण बांधताना दुसऱ्याच कुणाशी बोलत असतो. तुम्ही बांधताना मी श्वास कसा घेते तेसुद्धा बघायचात.

लोक तीन-तीन दिवसांसाठी भिक्खू होतात. चीवर उतरवणं म्हणजे काही गुन्हा नाही. पंधरा दिवसांसाठी उतरवा, न्यूयॉर्कला या, परत जाऊन घाला. आजोबांना मी येऊन समजावते. लहानपणी त्यांच्या ठाण्यावरची सगळी सरबतं मीच पिऊन टाकायचे, तेव्हा त्यांनी कधी राग धरला नाही. याचाही धरणार नाहीत.

२९ तारखेला स्पर्धा सुरू. या ना, बाबा.

पेत


लाम्पांग, १९ ऑगस्ट २५३७

उपासिका रत्चनी,

पत्र पोचलं. तुला सुख लाभो.

मध्येच उतरवलेलं चीवर म्हणजे अर्धा फेडलेला नवस. अर्ध्या फेडीचं काय होतं ते या भिक्खूने गावात पाहिलं आहे. तुझ्या मनगटाचं तसं काही झालं, तर हा भिक्खू कुठल्या तोंडाने जगेल? म्हणून येणं नाही. सत्तावीस वर्षं संसार केलेली बायको रस्त्यावर गुडघ्यावर बसते तेही पाहवत नाही, पण नजर खाली ठेवायची असते, तेवढं बरं आहे.

जुनी पकड परत धर. हेंकला राग येऊ दे. कळ आतल्या बाजूला येते म्हणजे खालचा हात जास्त ओढतो आहे. टेपचा दुसरा वेढा हाडाच्या वर नको, खाली हवा. मागच्या पानावर हात काढून दाखवला आहे. चित्र वाईट आलं आहे, विहारात दाढीच्या पात्याने टोकदार केलेली एकच पेन्सिल आहे.

बांधून झाल्यावर एक चापट मारून घे. स्वतःच्याच हाताने.

भिक्खू इन्था


न्यूयॉर्क, १ सप्टेंबर १९९४

आई,

तुला आधी कळावं म्हणून हे लिहिते. काल पात्रतेची गरज नव्हती, सरळ मुख्य फेरी होती. दुसऱ्या सेटमध्ये चार-तीन, मी पुढे होते. एक खोल बॅकहँड घ्यायला गेले आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज आला. रॅकेट खाली पडली ती मला उचलता येईना. चेंडू गोळा करणाऱ्या पोरीने ती उचलून खुर्चीवर ठेवली.

पूर्ण तुटलं आहे. गेल्या वेळेपेक्षा वाईट. बँकॉकला परत ऑपरेशन करायचंय, पुढच्या आठवड्यात येते.

भंतेंचं पत्र आज आलं, चित्रासकट. सामना संपल्यावर चोवीस तासांनी.

त्यांना सांगू नकोस. पाया पडते तुझ्या. ते काहीतरी करून बसतील.

पेत


लाम्पांग, २८ ऑक्टोबर १९९४

वंदनीय भंते,

आपल्या घरापासून तुमच्या विहारापर्यंत सायकलने सात मिनिटं लागतात आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. काय करू? एकटीने तुमच्यासमोर बसायचं नाही, आणि चारचौघांत हे बोलता येत नाही. विहारातला झाडूवाला लुंग मून हे आणून तुमच्यापुढे ठेवेल.

वर्षावास संपून नऊ दिवस झाले. काल आई तुमची तपकिरी पॅंट आणि पांढरा शर्ट इस्त्री करून घेऊन आली होती. नवी चप्पलही होती पिशवीत. आम्ही वंदन केलं, तुम्ही आशीर्वाद दिलात. आईने पिशवी पुढे सरकवली, तर तुम्ही म्हणालात, ‘हे आत्ता नको.’ एवढंच. कधी ते नाही, का ते नाही.

मग तुम्ही मंतरलेला पांढरा दोरा काढलात. लुंग मूनच्या मनगटाला तुम्ही स्वतः बांधलात, गाठसुद्धा मारलीत. माझी पाळी आली तेव्हा पुढ्यात फडकं पसरलंत आणि दोरा त्यावर टाकलात. प्लास्टर त्याच सकाळी काढलं होतं. मी हात पुढे केला होता, बाबा. बारा वर्षांच्या सवयीने आपोआप पुढे गेला. तुम्ही बघितलात आणि डोळे मिटलेत. मी तो दोरा डाव्या हाताने आणि दातांनी बांधला, आणि सगळे बघत होते.

आई पॅंट परत घेऊन आली.

तुम्ही बाहेर का येत नाही? मला खरं सांगा. भिक्खूला खोटं बोलता येत नाही, म्हणून विचारते.

पेत


लाम्पांग, ३० ऑक्टोबर २५३७

उपासिका रत्चनी,

खरं बोलायचं आहे, तेव्हा थोडक्यात.

सप्टेंबरच्या तीन तारखेला न्हाव्याने डोकं करताना पेपरातलं वाचून दाखवलं. तुझ्या आईने कळू दिलं नव्हतं. दुपारी ऊन होतं. हा भिक्खू विहाराच्या मागच्या दाराने निघून क्लबात गेला आणि चीवरासकट फणसाखाली उभा राहिला. भिक्खूने देवापुढे हात जोडायचे नसतात. जोडले. म्हणालो, पोरीचं मनगट परत धड कर, मी हे चीवर मरेपर्यंत उतरवणार नाही.

बोलून झालं आणि मग सुचलं की तुझ्या आईला विचारलं नाही.

थोरल्या भंतेंना सांगितलं. ते म्हणाले, ‘चीवर कुणाला बांधून ठेवत नाही, इन्था. उद्या जा. पण नवस बोलताना मला विचारायला आला नव्हतास, आता फेडू की नको हे मला का विचारतोस?’ आणि पान चघळत बसले.

मनगट बरं झालं तर इथेच राहणं आलं. ते होतं की नाही हे दिसेपर्यंत उतरवताही येत नाही. डॉक्टरपुढे, नशिबापुढे माझ्याकडे द्यायला काय होतं? ना पैसा, ना ओळख. एक मी होतो, ते देऊन टाकलं.

तू दोरा दातांनी बांधलास ते दिसलं. डोळे मिटले होते तरी दिसलं.

भिक्खू इन्था


लाम्पांग, १६ एप्रिल १९९५

बाबा,

भंते लिहीत नाही, कारण उद्यापासून लिहावं लागणार नाही.

परवा नव्या वर्षाला तुमच्या हातांवर फुलांचं पाणी घातलं, तेव्हा मनगट कसं आहे असं तुम्ही विचारलंत आणि मी उत्तर दिलं नाही. आता देते. मनगट बरं झालं नाही. साडेसात महिने झाले. चमचा धरते, कपडे पिळते, पण रॅकेट धरली की पहिल्याच फटक्याला हात लुळा पडतो. डॉक्टर म्हणाला, आता यापुढे काही होणार नाही. संघटनेला कळवून टाकलं. शाळेत मुलींना शिकवायला या म्हणतायत, जाईन.

तेव्हा हिशेब साधा आहे. आजोबांनी त्यांचं काम केलं नाही, तुम्ही तुमचं करायचं कारण नाही. नवस लागू झालाच नाही. कुणालाही विचारा.

मी रडत नाहीये. एकवीस वर्षांची आहे, पॅरिसला खेळले, पुरे झालं. आई उद्या सकाळी पॅंट घेऊन येईल. या वेळी घ्या.

पेत


लाम्पांग, १८ एप्रिल २५३८

पेत,

तुझी आई काल आली. पॅंट घेतली नाही.

गेल्या महिन्यात अनवाणी फिरताना पायात काच गेली. दहा दिवस भिक्षेला गेलो नाही. सगळे भिक्खू पहाटे बाहेर पडले की विहारात मी आणि कुत्री. विहार आणि क्लब यांच्यामध्ये एक पाण्याचा चर, पलीकडे सरावाची भिंत. तुला वाटलं, त्या वेळी इथे कुणीच नसतं.

पहिल्या दिवशी भिंतीवर चेंडू ऐकू आला तेव्हा वाटलं, कुणा साहेबाचा मुलगा असेल. पण मुलाचा चेंडू असा वाजत नाही. तुझी फोरहँड भिंतीवर धप वाजते. दोन हातांची बॅकहँड कोरडी वाजते, टक. ती भिंत मी बांधली, तुला तिच्यासमोर उभी मी केली. मला कोण फसवणार? पाचव्या दिवशी एकशे ऐंशी फटके न थांबता मारलेस, सगळ्या बॅकहँड. मी मोजत नव्हतो, भिक्खूने असलं काही मोजू नये. कानच मोजत होते. शेवटचे वीस तर पूर्वीपेक्षा चांगले होते. जुनी पकड आहे ना? तीच ठेव.

त्या दिवशी मी खूप वर्षांनी इतका आनंदलो. आणि मग कळलं, संपलं आता. घरी जाणं नाही. दोन्ही गोष्टी एकाच फटक्यात कळल्या. पायरीवर बसून राहिलो.

कोर्ट उखडायचंय अशी थाप मी तुला मारली, तीच विद्या तू माझ्यावर उलटवलीस. पोरी, शाळेत शिकवायला जाऊ नकोस. तू खेळली नाहीस तर मी इथे फुकट बसलो असं होईल. आणि उतरलो, आणि ते तिसऱ्यांदा तुटलं, तर? मला नाही जमणार. घाबरट म्हण, मूर्ख म्हण. मी असाच आहे.

तुझ्या आईला सांग, पॅंट कुणालातरी देऊन टाक. कंबर छत्तीस आहे. तिला माझ्याकडून काय सांगायचं ते मला येत नाही. भातात मीठ बरोबर असतं म्हणावं.

इन्था


लाम्पांग, ४ मे १९९५

वंदनीय भंते,

उद्या निघते. पॅरिसला परत पात्रता फेरीपासून सुरुवात. संघटनेला कळवलंच नव्हतं, तेही खोटं होतं.

टेप स्वतः बांधायला शिकले. डावा हात आणि दात. दुसरा वेढा हाडाच्या खाली, चित्रासारखा. दुसऱ्या सेटपर्यंत टिकते. चापटही मारते, पण ती काही तशी लागत नाही.

तुमच्यावर मी रागावलेली आहे आणि राहणार आहे. हे भंतेंना नाही, बाबांना सांगते. भेटले तर त्यांना सांगा.

पॅंट आईने कुणाला दिली नाही. धुऊन, इस्त्री करून परत कपाटात ठेवली. मिठाचं सांगितलं. ती म्हणाली, ‘एवढं कळायला डोकं भादरावं लागलं का?’ मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तुम्हाला वाटेल, उद्यापासून चराच्या पलीकडून आवाज येणार नाही. माझी जुनी रॅकेट आईने मागून घेतली. आयुष्यात तिने रॅकेट धरलेली नाही. काल धरली, कढईतल्या झाऱ्यासारखी. मी म्हटलं, आई, हे काय? म्हणाली, ‘त्यांना ऐकायचंच आहे ना, मग मी काय मेलेय?’

तीन चेंडू चरात गेले. चौथा भिंतीला लागला, धड धप नाही आणि धड टक नाही. पहाटे, भात शिजायला टाकून ती रोज येणार आहे.

तुमचा पाय आता बरा असेल, पण जमलं तर एखाद्या दिवशी भिक्षेला उशिरा निघा. आवाज वेडावाकडा आला तर पाय कसे पडतायत, पकड कशी आहे, असलं काही मनातसुद्धा काढू नका. ती आई असेल.

पेत